ओलं जळण आणि सामाईक रान : एका काजू कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. मी ज्यांना ज्या नात्याने हाक मारत होते, त्याच नात्याने इथे लिहिते: काजू कारखाना चालवणाऱ्या वहिनी आणि रान ज्यांचं त्या घरातले थोरले तात्या. माझं काम छोट्या कारखान्यांच्या भट्ट्या आणि ड्रायर दुरुस्त करायचं, जळणाचा हिशेब मांडून द्यायचं. या प्रकरणात माझा एक हिशेब चुकला. चुकला तो कसा, हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सगळंच सविस्तर लिहिते आहे.

कारखाना चौदा बायकांच्या बचत गटाचा. दिवसाला तीनशे किलोच्या आसपास काजू बी फोडली जाते, वर्षातले साधारण दोनशे दिवस काम चालतं. बी मार्चपासून मेपर्यंत विकत घ्यायची, खळ्यात वाळवून पोत्यांत भरायची, आणि मग पावसाळाभर आणि दिवाळीच्या पुढेही फोडत राहायचं. गावात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं बरीच आहेत. सातची बी मोठी, गर टपोरा, आणि अखंड राहिला तर दर चांगला. तुकडा झाला किंवा रंग गेला की तोच गर निम्म्या मोलाचा होतो.

जळण दोन ठिकाणी लागतं. आधी बेबी बॉयलरच्या वाफेवर बी शिजवतात, म्हणजे टरफल सैल होतं आणि फोडताना त्यातलं जहाल तेल गराला लागत नाही. मग रात्रभर थंड झालेली बी फोडायची, आणि निघालेला गर ड्रायरच्या ट्रेमध्ये घालून पासष्ट-सत्तर अंशांवर सहा-सात तास ठेवायचा. तेव्हा कुठे वरची लाल साल सुटते. दोन्हीकडे मिळून दिवसाला नव्वद किलो लाकूड जळत होतं: तीस बॉयलरला, साठ ड्रायरला. वर्षाचे झाले अठरा टन. गावातल्या तोडीवाल्यांच्या अंदाजाने एकरभर उभं रान साफ केलं की एवढं जळण निघतं. एका छोट्या कारखान्याला वर्षाला एक एकर! गावात असे तीन कारखाने आहेत, आणि तालुक्यात किती असतील ते आपण डोळ्यांपुढे आणू शकतो.

आता रानाकडे. तात्यांच्या घराण्याचं चौदा एकरांचं रान गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या (कातळी पठाराच्या) खालच्या उतारावर आहे. ऐन, किंजळ, नाना, कुंभा, आसाणा, मधूनमधून जांभूळ. खाली पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, वाहतो, आणि त्याच्या डोक्याशी असलेल्या झऱ्याचं पाणी पाइपने उताराने वाडीच्या टाकीत येतं, पंप नाही की वीज नाही. पूर्वी या रानातून राबासाठी कवळ तोडत. झाड तसंच ठेवून फक्त फांद्या उतरवायच्या, त्या भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून भाजायच्या. भातशेती कमी झाली तसं कवळ थांबलं. गुरं कमी झाली, घराघरांत गॅस आला, बायका आता न्हाणीच्या चुलीपुरती पडलेली फाटी तेवढी आणतात. म्हणजे रानाची रोजची गरज कुणालाच उरली नाही. उरला फक्त एक गिऱ्हाईक, तो म्हणजे दर बारा-पंधरा वर्षांनी येऊन सगळं रान उक्तं विकत घेणारा ठेकेदार.

अडचण

जुलैच्या अखेरीला वहिनींचा फोन आला. "ताई, माल परत आलाय. तुम्ही येऊन बघा." मी गेले तेव्हा पडवीत डबे मांडून ठेवले होते. वहिनींनी एक डबा उघडला आणि न बोलता माझ्यापुढे धरला. काजूला न्हाणीच्या चुलीशी तासभर बसून उठलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा वास होता. गरही पिवळसर पडला होता.

ड्रायरपाशी गेले तर कारण समोरच होतं. भट्टीच्या तोंडाशी रचलेल्या ओंडक्यांची साल बोटाने दाबली तर पाणी येत होतं, आणि आत जळणाऱ्या ओंडक्याच्या मागच्या टोकातून फेस फसफसत बाहेर येत होता. ठेकेदाराने जूनमध्ये तोडून तसंच्या तसं आणून टाकलेलं लाकूड. अशा लाकडाचं अर्धं वजन पाण्याचं असतं. भट्टीतली उष्णता आधी ते पाणी उकळण्यात जाते, आग थंड राहते, आणि लाकडातून निघालेला वायू पुरता न जळता धूर होऊन जातो. ड्रायर पासष्टऐवजी बावन्न-त्रेपन्न अंशांवर अडकत होता. तापमान चढत नाही म्हणून बायका आणखी लाकूड ढकलत होत्या, त्याने आणखी धूर होत होता, आणि तो धूर उष्ण हवेच्या जुन्या, भोकं पडलेल्या नळ्यांमधून थेट ट्रेमध्ये जात होता. भट्टी सांभाळणाऱ्या मावशींचे डोळे लालभडक झाले होते, खोकला महिनाभर हटला नव्हता. मालाचं नुकसान वहीत लिहिता येतं, मावशींचा खोकला कुठल्या रकान्यात लिहायचा?

त्याच भेटीत दुसरी गोष्ट कळली. तोच ठेकेदार तात्यांचं चौदा एकर रान मागत होता. गणपतीला मुंबईचे सगळे आले की सौदा पक्का करायचा आणि दिवाळीनंतर तोड सुरू. म्हणजे पुढच्या वर्षी कारखान्याच्या भट्टीत जळणार होतं ते याच डोंगरावरचं रान, आणि ज्या झऱ्याचं पाणी कारखान्यातल्या बायका पितात त्याच्या डोक्यावरची सावली.

मला बोलावलं होतं ते ड्रायरच्या धुरासाठी. रानाचा विषय माझा नव्हता. पण वहिनींनीच दोन्ही धागे जोडले. त्या म्हणाल्या, "आम्हाला वर्षाला एकरभरच लागतं. मग चौदा एकर एका दिवाळीत कशाला पाडायचे?"

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न बदलण्याचा: ठेकेदाराचं लाकूड घेत राहायचं, फक्त ते उन्हाळ्यात भरून ठेवायचं. सोपा होता. पण रान वाचत नव्हतं, आणि ठेकेदार लाकूड देतो ते त्याच्या सोयीने, आपल्या नाही.

गॅसचा विचार गांभीर्याने केला. एक किलो गॅसमध्ये वाळलेल्या सव्वातीन किलो लाकडाइतकी उष्णता असते, आणि गॅसची भट्टी ती फारशी वाया घालवत नाही. धूर नाही, राख नाही, तापमान काट्यावर राहतं. मी स्वतः याच बाजूची होते. पण व्यापारी सिलेंडरचा रोजचा खर्च गटाच्या नफ्यातून भागत नव्हता, आणि पावसात घाट किंवा रस्ता बंद झाला की सिलेंडर दोन-दोन दिवस उशिरा येतो हे बायकांनी घरी अनुभवलेलं होतं. विजेवरचा ड्रायर याच कारणाने बाजूला पडला. जुलैत वीज सलग सात तास राहील याची खात्री कुणी देईना, आणि अर्धा वाळलेला गर ट्रेमध्ये तसाच राहिला तर त्याला बुरशी धरते. उन्हाच्या ड्रायरचं तर नावच काढलं नाही. काम पावसाळ्याचं आहे.

व्हाइट कोल, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या किंवा भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, घाटावरून मागवता येतात. चांगलं जळतात. पण दमट हवेत त्या फुगतात आणि भुगा होतात. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टिकवायच्या तर बंदिस्त कोरडी खोली हवी.

सगळ्यात विचार करायला लावला तो कारखान्याच्या मागच्या ढिगाने. टरफलं! बीच्या वजनाच्या सत्तर टक्के टरफलच असतं. वर्षाला साठ टन बी म्हणजे चाळीस टनांवर टरफलं. गट ती तेल काढणाऱ्या गिरणीला विकत होता. कच्चं टरफल भट्टीत घातलं तर फार जोरात पेटतं, पण त्यातल्या तेलाचा धूर इतका झोंबरा असतो की शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचं बरोबर असतं. तेल काढून उरलेली पेंड मात्र बरीच शांत जळते. बॉयलरच्या तीस किलो ओल्या लाकडाचं काम पंधरा किलोहून कमी पेंड करते. गिरणीशी बोलून टरफलाच्या बदल्यात थोडी पेंड परत घेता आली असती.

आणि शेवटचा पर्याय वहिनींच्या त्या वाक्यातून निघालेला: तात्यांच्या रानाचे तुकडे करायचे, दरवर्षी एकच तुकडा हिवाळ्यात तोडायचा, लाकूड फोडून वाळवायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात जाळायचं. ऐन, किंजळ, जांभूळ ही बुंध्यातून फुटणारी झाडं आहेत. नीट तोडली तर धुमारे येतात आणि बारा वर्षांत रान पुन्हा हाताशी येतं. बारा तुकडे केले की तेराव्या वर्षी आपण पहिल्या तुकड्यात परत येतो.

निर्णय झाला तो दिवस

गौरीच्या ओवशाच्या दुसऱ्या दिवशी तात्यांच्या माजघरात बैठक झाली. सातबारावर तेवीस नावं, त्यातली सहा माणसं आता हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. कोकणात ज्याची जमीन आहे त्याला हे नवीन वाटणार नाही. जमीन सामाईक, पण वहिवाट घरगुती वाटपाने ठरलेली: कोणत्या घराचा कुठला उतार हे सगळ्यांना माहीत होतं.

ठेकेदाराचा आकडा एकरकमी होता. आमचा प्रस्ताव दरवर्षी थोडे थोडे पैसे देणारा होता. गट लाकूड तोडीच्या जागी वजन करून घेणार, दर टनावर, आणि तो दर ठेकेदाराच्या आकड्याला टनावर उतरवलं तर त्याच्या वर बसत होता. तरी मुंबईहून आलेल्या एका पुतण्याने जे विचारलं ते अगदी रास्त होतं: "काका, माझ्या पोराची फी येत्या जूनला भरायची आहे. मी बारा वर्षं कसा थांबू?" खोलीत कुणालाच त्याचं उत्तर देता आलं नाही.

इथे मी बोलले, आणि चुकले. मी सांगितलं की लाकूड वाळवून जाळलं तर कारखान्याला निम्मं रान पुरेल, म्हणजे चौदा एकरांतलं अर्धं कायमचं न तोडता राखता येईल. तात्यांना ते पटलं. झऱ्याच्या वरचा भाग राखायचा हे त्यांच्या मनात होतंच, माझ्या आकड्याने त्याला आधार मिळाला.

शेवटी दोन घरांनी आपला पाच एकरांचा उतार ठेकेदारालाच द्यायचं ठरवलं. उरलेल्या घरांनी नऊ एकर गटासाठी ठेवले. भांडण झालं नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत विषय पुन्हा निघाला नाही एवढंच.

काय केलं

पहिली ठेच कागदावर लागली. बैठकीत सगळ्यांचं म्हणणं होतं की जमीन आपली, झाड आपलं, आणि जळणासाठी तोडायला कसली परवानगी? पण १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत ऐन, किंजळ आणि जांभूळ ही तिन्ही झाडं आहेत. साग, खैर, हिरडा, आंबा, फणसही आहेत. खासगी जमिनीतलं यादीतलं झाड तोडायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, ते तुळईला जाणार की भट्टीत, याने फरक पडत नाही. दुसरं म्हणजे सातबाराच्या इतर हक्कांत खासगी वनाची नोंद आहे का हे पाहायचं होतं. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून कोकणातल्या कितीतरी जमिनी शासनाकडे गेल्या, आणि घरच्यांना ते वर्षानुवर्षं कळलेलंही नसतं. तात्यांच्या सातबारावर तशी नोंद नव्हती. जुने फेरफार काढून तेही तपासून घेतलं. अर्ज, पंचनामा, झाडांवर खुणा, यात नोव्हेंबर संपला. हे आम्ही गणपतीच्या आधी केलं असतं तर तोड महिनाभर आधी सुरू झाली असती, आणि वाळायला तो महिना मिळाला असता.

नऊ एकरांचे बारा तुकडे पाडले, प्रत्येकी पाऊण एकराचे. पऱ्याच्या दोन्ही काठांवरची आणि झऱ्याच्या वरची झाडं कुठल्याच तुकड्याच्या तोडीत धरली नाहीत. प्रत्येक तुकड्यात काही मोठी झाडं बीसाठी आणि सावलीसाठी राखायची ठरलं. ती निवडायला तात्या स्वतः आले. वय ऐंशीच्या घरात, तरी काठी टेकत उतारावर चढले आणि एका कुंभ्यापाशी थांबून म्हणाले, "हा माझ्या लग्नाच्या वर्षी एवढाच होता." त्या झाडाला चुन्याचा पट्टा मारला.

तोडताना बुंधा जमिनीलगत, तिरपा आणि एका घावात साफ कापायचा, म्हणजे त्यावर पाणी साचून तो कुजत नाही आणि धुमारे खालून, मुळाशी घट्ट धरून येतात. कमरेएवढ्या उंचीवर कोयत्याने चेंदून तोडलेल्या खोडाला वर फूट येते, पण ती वाऱ्याने निखळते. तोडीच्या टोळीला हे समजावायला दोन दिवस गेले, कारण त्यांना नेहमी मजुरी मिळते ती टनावर, आणि वाकून तोडायला वेळ लागतो. मजुरी झाडावर ठरवली तेव्हा प्रश्न सुटला.

पहिल्या तुकड्यातून दहा टन निघालं. ते लगेच हातभर लांबीचं कापून फोडलं. फोडणं महत्त्वाचं आहे: सालीच्या आत पाणी कोंडून राहतं, अखंड ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला निघतो. दगडांवर आडवी बांबूची ओळ, त्यावर फोडलेलं लाकूड फटी ठेवून रचलेलं, वर पत्रा, चारी बाजू उघड्या, आणि ढिगाची लांबी वाऱ्याला आडवी, म्हणजे वारा फटींतून आरपार जातो. आम्ही पाच ओंडक्यांना लाल रंगाची खूण केली आणि मावशींना दर रविवारी ते तोलायला सांगितलं. रचताना दहा किलो भरलेला ओंडका फेब्रुवारीत सात किलोवर आला, आणि मेच्या मध्यात सव्वासहा किलोवर थांबला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड वाळलं. यंत्र नको, तराजू पुरतो. टोकांवर मधल्या ठिपक्यापासून बाहेर निघणाऱ्या बारीक भेगा पडल्या होत्या, आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले की घुमा आवाज जाऊन टणटण येऊ लागली होती. पावसाळ्यात हवेतला ओलावा लाकूड परत ओढून घेईल ही भीती होती, पण पत्र्याखालच्या खुणेच्या ओंडक्याचं वजन ऑगस्टमध्येही फारसं वाढलं नाही.

बॉयलरला पेंड सुरू केली. ड्रायरला लाकूडच ठेवलं, कारण नळ्यांची भोकं बुजवली तरी नळ्या जुन्याच होत्या. पेंडेत राहिलेल्या तेलाचा वास गराला लागला असता तर सगळंच मुसळ केरात.

काय झालं

पहिल्याच पावसाळ्यात ड्रायर सत्तर अंशांवर राहू लागला. गराचा वास गेला, रंग सुधारला, अखंड गराचं प्रमाण वाढलं. माल परत आला नाही. मावशींचा खोकला गणपतीपर्यंत थांबला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली पहिली नोंद तीच आहे.

आता माझ्या चुकीचा हिशेब. ड्रायरला रोज साठ किलोऐवजी अठ्ठावीस किलो लाकूड लागू लागलं. निम्म्याहून कमी! मी खूष झाले, बायकाही खूष झाल्या. पण ऑक्टोबरमध्ये वहिनींनी ढिगाकडे बोट दाखवलं. "ताई, काटा निम्मा म्हणतो, पण ढीग निम्मा राहिलेला दिसत नाही." त्यांचं बरोबर होतं. दहा किलोचा ओला ओंडका वाळून सव्वासहा किलोचा होतो. तो जाळला की काटा आपोआप कमी दाखवतो, पण रानातून ओंडका एकच गेलेला असतो. ओंडक्यातल्या उष्णतेत वाळवल्याने पडणारी भर जेमतेम दहा-बारा टक्के असते. बाकीची बचत होते ती आग गरम, धूर कमी आणि काम लवकर झाल्यामुळे. वजनाऐवजी ओंडके मोजले तेव्हा खरी बचत निघाली पाव हिस्सा. म्हणजे ड्रायरपुरतं, तोडीच्या वेळच्या ओल्या वजनात, रोज साठऐवजी पंचेचाळीस किलो.

मी बैठकीत सांगितलेलं "निम्मं रान" वाळवण्याने आलं नव्हतं. ते आलं पेंडेमुळे. बॉयलरचे तीस किलो पूर्ण वाचले, ड्रायरचे पंधरा वाचले, आणि वर्षाची गरज अठरा टनांवरून नऊ टनांवर आली. पाऊण एकराचा तुकडा जेमतेम पुरा पडला. निकाल तोच निघाला, पण कारण चुकीचं होतं. पेंडेचा विचार त्या वेळी झाला नसता, आणि फक्त माझ्या शब्दावर तात्यांनी रान वाटून दिलं असतं, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गट झऱ्याच्या वरच्या झाडांकडे बघू लागला असता. हे मी दिवाळीत तात्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. वहीत लिहून ठेव."

रानात सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्या पावसात बुंध्यांना छान धुमारे आले, एकेका खोडाला आठ-दहा, आणि दसऱ्यापर्यंत शेळ्यांनी खालच्या अर्ध्या उतारावरचे सगळे खुडून खाल्ले. वई, म्हणजे कुंपण, घालायची ठरली होती पण तोड, वाळवण आणि कारखाना या गडबडीत राहून गेली. दुसऱ्या वर्षी काटेरी फांद्यांची वई घातली. मग मार्चमध्ये शेजारच्या डोंगरावरून वणवा आला. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच साफ केलेला पट्टा, काढली होती ती वरच्या बाजूला, आणि आग आली खालून, वाळल्या गवतातून. कोवळे धुमारे करपले. बुंधे जिवंत होते, जूनमध्ये पुन्हा फुटले, पण त्या तुकड्याचं एक वर्ष गेलं. बारा वर्षांचा हिशेब त्या तुकड्यापुरता आता तेरा वर्षांचा आहे. आता जाळरेषा चारी बाजूंनी काढतात, माघातच, वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आत.

ठेकेदाराला दिलेला पाच एकरांचा उतार त्याच दिवाळीनंतर तीन आठवड्यांत साफ झाला. पऱ्याच्या त्या बाजूने पहिल्या पावसात लाल पाणी आलं, वाडीची टाकी दोनदा धुवावी लागली. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात कमी झालं का, यावर गावात दोन मतं आहेत. दोन उन्हाळ्यांवरून मी त्यावर काही म्हणणार नाही. पाऊसही दोन्ही वर्षी सारखा नव्हता.

आज करायचं असतं तर

आधी ड्रायर बदलला असता. हे लिहिताना मला अवघड जातं, कारण माझं कामच ते होतं. मागच्या ढिगात चाळीस टन टरफल आहे. त्याच्या पेंडेत दोन्ही भट्ट्या वर्षभर चालवून उरेल इतकी उष्णता आहे. ड्रायरला नवी, न गळणारी नळी-पेटी बसवली असती तर गराला वास लागायची भीती उरली नसती आणि रानातलं एकही लाकूड लागलं नसतं. आम्ही पत्र्याच्या शेडवर आणि तोडीवर जो पैसा घातला, त्यात थोडी भर घालून हे झालं असतं. मी तेव्हा धूर बघितला, भोकं बुजवली आणि जळणाकडे वळले.

पण मग हेही खरं की गटाने लाकूड मागितलं नसतं तर गणपतीतल्या त्या बैठकीत तात्यांकडे ठेकेदाराच्या आकड्याला द्यायला दुसरा आकडाच नसता, आणि चौदाच्या चौदा एकर गेले असते. ज्याला रान दरवर्षी थोडं थोडं लागतं तो ते राखतो. ज्याला एकदाच लागतं तो पाडतो. आमच्या नऊ एकरांना राखण मिळाली ती कारखान्याच्या भुकेमुळे. ती भूक संपवली तर रानाला दुसरं काहीतरी मिळकत देणारं हवं, आणि ते काय, हे मला अजून नीट सापडलेलं नाही. वहिनींचं म्हणणं आहे की गावातल्या दुसऱ्या दोन कारखान्यांनाही याच तुकड्यांतलं वाळलेलं लाकूड विकावं. मला ते पटत नाही. नऊ एकर एका कारखान्यालाच जेमतेम पुरतात.

"लाकूड जाळलं तरी ते परत उगवतं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत नाही" असं प्रशिक्षणात सांगितलं जातं. मीही सांगत होते. पहिल्या तुकड्यावर उभं राहिलं की त्यातला काळ दिसतो: जळतं एका पावसाळ्यात, उगवतं बारा-तेरा वर्षांत, आणि तेही शेळ्या, वणवा आणि पुढच्या सातबारावरची नावं यांतून वाचलं तर. हे आता मी सांगताना गाळत नाही.

बैठकीच्या आधी त्या मुंबईच्या पुतण्याशी एकटं बसून बोलायला हवं होतं. त्याची गरज खरी होती आणि आकडा फार मोठा नव्हता. गटाने पहिल्या दोन तुकड्यांचे पैसे त्याला आगाऊ दिले असते तर कदाचित पाच एकर वाचले असते. हे आम्हाला सुचलं ते तोड झाल्यावर.

यंदाच्या कार्तिकात तिसऱ्या तुकड्याला चुना मारून झाला. साफ केलेल्या पाच एकरांवरही बुंध्यांना धुमारे आहेत. उंचावर चेंदून तोडल्यामुळे निम्मे वाऱ्याने निखळले, तरी निम्मे उभे आहेत. तात्यांनी त्या पुतण्याला फोन करून विचारलं की तिकडेही वई घालू का, खर्च आमचा. तो हो म्हणाला. नव्या ड्रायरच्या पेटीचा अंदाजपत्रकाचा कागद वहिनींच्या टेबलावर आहे, आणि या आठवड्यात मी त्याची मापं घ्यायला परत जाते आहे.